परिसरक्रम की सूत्रक्रम? सामाजिक शास्त्रांच्या इयत्तावार निष्पत्तींची तुलना

देवगड तालुक्यातील एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे की, तिसरी ते आठवीच्या सामाजिक शास्त्रांच्या अध्ययन निष्पत्ती (त्या त्या इयत्तेत मुलाला काय जमायला हवे याची विधाने) लिहिताना गाव, तालुका, जिल्हा, राज्य असा परिसरक्रम धरावा, की सूत्रक्रम, म्हणजे एकच सूत्र दर इयत्तेत अधिक खोल न्यावे.

शिक्षकांच्या श्रमांचा विचार केला तर परिसरक्रम सोपा आहे, कारण प्राथमिक पाठ्यपुस्तके बरीचशी त्याच वळणाची आहेत आणि द्विशिक्षकी शाळेत हा मोठाच आधार ठरतो. सलगतेत मात्र तो तोकडा पडतो. तिसरीत पाहिलेले बंदर पुढे पुन्हा भेटतच नाही. सूत्रक्रमात ‘समुद्र’ घेतला, तर तिसरीतले मूल जेटीवरचा मासळीचा लिलाव पाहून कोण विकतो आणि कोण घेतो ते सांगते. पाचवीत ते नकाशावर विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किल्ले दाखवते. आणि सातवीत, 1664 मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेण्यामागे जंजिऱ्याचा सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्या आरमारी सत्तेचा काय संबंध होता, हे कारणांसह मांडते. ही चढण मला फार मोलाची वाटते. सूत्रक्रमात मूल्यमापनाला वेळ अधिक लागतो, हेही खरे.

शिक्षक वारंवार बदलणाऱ्या छोट्या शाळेने परिसरक्रमच धरावा. एका केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या गटातील, शाळा एकत्र बसून निष्पत्ती लिहिणार असतील, तर सूत्रक्रम घ्यावा.