ठाण्याच्या नौपाड्यातलं ज्येष्ठांचं मनोविकार क्लिनिक: चार तारे

पाचवा तारा जिन्यापायी कापला. क्लिनिक म्हाताऱ्यांचं, तेही पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. आमच्या डायलिसिसवरच्या अण्णांना निम्म्यातच धाप लागली. पार्किंगचीही बोंब, रिक्षानेच जा.

डॉक्टर बाई मात्र लाखात एक. "मला काय वेड लागलंय?" म्हणत अण्णा घुश्श्यातच बसले होते. बाईंनी पहिलं विचारलं, "दिवसाला पाणी किती प्यायची मुभा आहे?" झालं! अर्ध्या कप चहावरचा सगळा राग बाहेर पडला. मी मध्ये बोलायला गेले तर मला हाताने थांबवलं.

झोप, भूक, थकवा यांवरून किडनीच्या पेशंटचं नैराश्य ओळखणं अवघड, कारण हे त्रास मूळ आजारानेही होतातच. म्हणून ज्येष्ठांसाठीची १५ प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची चाचणी घेतली. आवडीच्या गोष्टी सोडल्यात का, यावर अण्णा म्हणाले, "तलावपाळीची फेरी सोडली, पत्ते नाही."

नैराश्याची गोळी किडनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलूनच दिली, तीही कमी डोसची. वयस्कर माणसांत अशा गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तपासणी लिहून दिली. गुण यायला काही आठवडे लागतात हेही बजावलं, नाहीतर आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पाकीट कपाटात गेलं असतं.

रिसेप्शनवर "पेशंटला काय होतंय?" असं सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात, ते बंद करा.

फी बरीच आहे. परवडत नसेल तर सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.