नाथसागरावर रास्पबेरी पाय: यंत्र सोपे, नकाशा अवघड

पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, भर पाण्यात गेले की चारी बाजूंचा काठ सारखाच दिसतो, आणि हिवाळ्यात सकाळी धुके पडले की तोही दिसत नाही. अशा वेळी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, यू-ब्लॉक्स ७ चिपचा यूएसबी जीपीएस आणि ओपनप्लॉटर ही होडीला वाट दाखवणारी मोफत प्रणाली यांची जोडणी होडीत फार कामाची आहे. फक्त नकाशा आपणच करायची तयारी हवी.

समुद्राच्या चार्टमध्ये धरणाचा जलाशय येत नाही. म्हणून सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट मिळणारी दोन चित्रे घ्यावीत. एक ऑक्टोबरमधले, भरल्या धरणाचे. दुसरे मे २०१६ चे. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तो हा उन्हाळा. धरण तळाला गेले होते. त्या चित्रात जे उंचवटे कोरडे दिसतात तेच एरवी हातभर पाण्याखाली दडून होडीचा तळ घासतात. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींच्या एमबीटाइल्स (नकाशाचे तुकडे साठवणाऱ्या) फाइली करून ओपनसीपीएन या नकाशावर होडी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातल्या की ते डोळ्यांसमोर येतात. चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळे बुडीत झाडांचे खुंट आणि जाळ्यांचे खांब त्यात दिसणार नाहीत. ते रोज जाळे टाकणाऱ्या भोई मंडळींना विचारून एकेक खूण टाकावी. या कामाला दोन-तीन दिवस द्यावेत, घाई नको.

जोडणी त्यामानाने सोपी. जीपीएस ओपनप्लॉटरच्या सिरियल भागात नोंदवून त्याला कायमचे नाव द्यावे आणि सिग्नल-के या होडीतली माहिती एकत्र करणाऱ्या सर्व्हरकडे वळवावा. जीपीएसडी हा जीपीएस वाचणारा दुसरा प्रोग्रॅमही सोबत चालू राहिला तर दोघे एकाच पोर्टवर भांडतात आणि पडद्यावरची होडी जागीच थिजते. त्यातला एक बंद करावा.

सगळ्यात जास्त त्रास वीज देते. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) ५.१ व्होल्टवर लावावा, तार जाड आणि आखूड ठेवावी, बॅटरीजवळच फ्यूज टाकावा. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की पडद्यावर विजेची खूण येते. ती दिसली की आधी तार बदलावी. पाय आणि ७ इंची पडदा मिळून साधारण १० वॅट खातात. ७ अँपिअर-तासांची लेड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे जेमतेम चार तास. थेट वायर ओढून बंद केले तर मेमरी कार्ड बिघडू शकते, तेव्हा कार्डाची एक प्रत घरी ठेवलेली बरी.

आपल्याकडच्या उन्हाला हा पाय सांभाळून वापरावा लागतो. चिप ८० अंशांवर गेली की वेग कमी होतो, आणि एप्रिलच्या दुपारी बंद डब्यात तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. ॲल्युमिनियमची केस घ्यावी, डबा सावलीत ठेवावा. पडदा मात्र या जोडणीतली खरी उणीव: भर उन्हात त्यावर स्वतःचा चेहराच दिसतो. पायचाच हॉटस्पॉट करून व्हीएनसीने (एका यंत्राचा पडदा दुसऱ्यावर दाखवणाऱ्या सोयीने) मोबाइलवर नकाशा पाहणे त्यापेक्षा उत्तम, वीजही वाचते.

होडी थांबली की नकाशावरच्या तिच्या बाणाची दिशा भरकटते. जीपीएस दिशा काढतो ती चालण्यावरून. वाऱ्याने वाहत जाणारी होडी ओळखायची असेल तर वेगळा होकायंत्र सेन्सर लावावा लागतो. आणि जलाशय पक्षी अभयारण्य आहे. होडी घालण्याआधी वन विभागाला विचारून घ्यावे.