सुपरहिरोचे नाव वारसाला द्यावे, की त्याच्याबरोबरच थांबवावे?

ज्याने आपला नायक कागदावर उतरवला आहे, पण मुखवट्यामागच्या माणसाला म्हातारे होऊ द्यायचे की नाही हे अजून ठरवलेले नाही, अशा लेखकासाठी हा आढावा आहे. त्याच्यासमोर मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली म्हणजे, जुना नायक मरावा किंवा निवृत्त व्हावा आणि त्याचे नाव दुसऱ्याने घ्यावे. दुसरी म्हणजे, नाव एकाच माणसाचे राहावे आणि त्यासाठी त्याचे वय गोठवून टाकावे. तिसरी वाट अलीकडची असून तिच्यात दोघांनी एकच नाव एकाच वेळी वापरावे अशी सोय असते. अमेरिकी कॉमिक्समध्ये या तिन्ही वाटा चोखाळून झाल्या आहेत, त्यामुळे अंदाज बांधत बसण्यापेक्षा काय घडले ते पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिल्या वाटेचे सर्वांत जुने आणि सर्वांत निर्मळ उदाहरण मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रातील चित्रमालिकेत अवतरला आणि पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे वेताळ म्हणून घरोघरी पोहोचला. कथेनुसार १५३६ साली पहिल्या वेताळाने वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातले लोक आणि समुद्रावरचे चाचे मात्र त्याला चारशे वर्षे जिवंत असलेला एकच माणूस समजतात, आणि हा समज हेच त्याचे खरे शस्त्र आहे. येथे वारसा ही नंतर सुचलेली तडजोड नाही. नायकाजवळ कोणतीही अद्भुत शक्ती नसल्यामुळे अमरत्वाचा आभास वारशातूनच निर्माण करावा लागतो. लेखकाचा फायदाही मोठा, कारण कवटीच्या गुहेतल्या बखरींतून कोणत्याही शतकातली गोष्ट काढता येते. मात्र याची किंमत फारशी कोणी बोलून दाखवत नाही. विसावा वेताळ स्वभावाने एकविसाव्याहून कसा वेगळा होता, हे सांगू शकणारा वाचक विरळाच सापडेल. गादी जितकी भक्कम, तितका तिच्यावर बसणारा माणूस पुसट होत जातो.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे बॅटमॅन आणि स्पायडरमॅन. बॅटमॅन हे नाव आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेल्या एका मुलाच्या जखमेतून आले आहे, तर स्पायडरमॅनमागे काकाच्या मृत्यूला आपला हलगर्जीपणा कारणीभूत ठरल्याची टोचणी आहे. पोशाख दुसऱ्याला देता येतो, पण जखम देता येत नाही. म्हणून १९६२ साली शाळकरी असलेला स्पायडरमॅनच्या मुखवट्यामागचा पीटर पार्कर साठ वर्षांनंतरही तरुणच आहे, आणि त्याच्या आयुष्यात कितीही मोठी उलथापालथ झाली तरी ती केव्हा ना केव्हा पुसली जाणार हे वाचक गृहीत धरतो. बॅटमॅनच्या बाबतीत वारशाचे दोन ठळक प्रयोग झाले. १९९३ मध्ये बेन या खलनायकाने ब्रूस वेनची, म्हणजे मूळ बॅटमॅनची, पाठ मोडल्यावर पोशाख झां-पॉल व्हॅली या तुलनेने नव्या पात्राकडे गेला. तो उत्तरोत्तर अधिक हिंसक होत गेला आणि अखेर ब्रूसला परत येऊन नाव काढून घ्यावे लागले. हा वारस अयोग्य ठरावा म्हणूनच रचलेला होता. २००९ मध्ये मात्र नाव डिक ग्रेसनकडे गेले, आणि मला विचाराल तर बॅटमॅनच्या नावाला याहून चांगला वारस मिळाला नसता. १९४० पासून रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा धाकटा साथीदार, म्हणून वाचकांसमोर वाढलेला हा माणूस हसरा, लवचिक, माणसांत रमणारा. त्याच्या जोडीला ब्रूसचा दहा वर्षांचा तिरसट मुलगा डेमियन रॉबिन म्हणून आला आणि गंभीर बॅटमॅन व खेळकर रॉबिन ही जुनी मांडणी उलटीपालटी झाली. नावात खरोखर नवा प्राण आला होता, तरीही २०११ पर्यंत सारे मूळपदावर आले.

वारसा यशस्वी कसा होतो हे शिकायचे असेल, तर विलक्षण वेगाने धावणाऱ्या फ्लॅश या नायकाजवळ अधिक वेळ थांबावे. १९४० मधला पहिला फ्लॅश जे गॅरिक; १९५६ मध्ये त्याच नावाने नव्याने आलेला बॅरी ॲलन; आणि बॅरीचा पुतण्या म्हणावा असा, खरे तर त्याच्या पत्नीचा भाचा, वॉली वेस्ट. १९८५ मध्ये बॅरी विश्व वाचवताना मेला आणि वॉलीने नाव घेतले. येथे लेखकांनी केलेली गोष्ट फार शहाणपणाची होती, कारण त्यांनी वारसाला पूर्वजापेक्षा कमी दाखवले. सुरुवातीचा वॉली बॅरीच्या मानाने खूपच हळू धावे, धावल्यावर त्याला प्रचंड भूक लागे, आणि वागण्यातही तो काहीसा उथळ होता. त्याचा वेग कशाने अडला होता, याचा उलगडा १९९३ च्या सुमारास झाला. आपण बॅरीइतके वेगवान झालो, तर बॅरीची जागा कायमची भरली जाईल आणि तो खरोखरच गेला असे मान्य करावे लागेल, ही भीती त्याला मागे खेचत होती. नव्या फ्लॅशला विरोध करणाऱ्या वाचकाच्या मनातही नेमकी हीच भीती होती, आणि ती वारसाच्याच मनात ठेवल्यामुळे वाचक आणि नायक एकाच वेळी तिच्यातून बाहेर पडले. एक संपूर्ण पिढी वॉलीलाच फ्लॅश मानून वाढली. मग २००८ मध्ये बॅरीला परत आणले गेले आणि २०११ च्या नव्या मांडणीत वॉली काही काळ दिसेनासाच झाला. वारसा देणे चूक नव्हते. तेवीस वर्षे जुना मृत्यू परत उकरणे ही चूक होती, असे मला वाटते. एकदा वारशाने दिलेले नाव मूळ धन्याला परत मिळू शकते हे वाचकाला कळले, की पुढच्या कोणत्याही वारसाकडे तो बदली कर्मचाऱ्याकडे पाहावे तसा पाहतो.

कॅप्टन अमेरिकाच्या कथांनी याच प्रश्नाला एक वेगळा पैलू दिला, तो म्हणजे नाव मुळात कोणाच्या मालकीचे. १९८७ मध्ये एका सरकारी आयोगाने मूळ कॅप्टन असलेल्या स्टीव्ह रॉजर्सला सांगितले की हे नाव आणि ढाल सरकारची आहे, तेव्हा आमच्या आज्ञेत राहा. त्याने नकार देऊन दोन्ही परत केली आणि सरकारने जॉन वॉकर हा दुसरा कॅप्टन नेमला. पुढे स्टीव्हचे साथीदार बकी बार्न्स आणि सॅम विल्सन हेही कॅप्टन झाले, पण त्यांना नाव मिळाले ते मैत्रीतून आणि विश्वासातून. वाचकाला यातला फरक तत्काळ जाणवतो, कारण नेमणूक कागदावर वैध असली तरी ती वारसा होत नाही. ग्रीन लँटर्नमध्ये शक्ती देणारी अंगठीच माणूस निवडत असल्यामुळे हा वाद उद्भवतच नाही. ते पोलिसाच्या बिल्ल्यासारखे पद आहे, म्हणून हॅल जॉर्डनचे चाहते आणि जॉन स्टुअर्टचे चाहते तुलनेने सुखाने नांदतात.

ब्लॅक पँथर हेही पदच, वाकांडा या काल्पनिक देशाच्या राजघराण्याचे. ऑगस्ट २०२० मध्ये अभिनेते चॅडविक बोझमन यांचे निधन झाल्यावर त्यांनी साकारलेल्या टचाला या ब्लॅक पँथरची भूमिका दुसऱ्या नटाला द्यावी असे अनेक प्रेक्षकांचे म्हणणे होते. निर्मात्यांनी पात्रालाही मृत्यू दिला आणि २०२२ च्या चित्रपटात नाव त्याची बहीण शुरी हिच्याकडे गेले. नट बदलणे आणि वारस नेमणे या दोन गोष्टी सहसा वेगळ्या असतात, बॅटमॅनचे इतके नट बदलूनही ब्रूस वेन तोच राहिला. येथे मात्र दुःख पडद्याबाहेरचे असल्यामुळे वारसाच अधिक प्रामाणिक वाटला.

राहिली तिसरी वाट. माइल्स मोरालेस २०११ मध्ये एका पर्यायी विश्वातल्या पीटरच्या मृत्यूनंतर स्पायडरमॅन झाला, आणि २०१५ नंतर मूळ विश्वात आल्यापासून तो आणि पीटर दोघेही तेच नाव वापरतात. यात कोणाचा बळी जात नाही, हा उघड लाभ. तोटा असा की दोघांबद्दल बोलताना वाचकाला माइल्स, पीटर अशी खासगी नावेच घ्यावी लागतात, म्हणजे मुखवट्याचे नाव ओळख पटवण्याचे कामच सोडून देते. (मुंबईचा पवित्र प्रभाकर हा २००४ मधला भारतीय स्पायडरमॅन वेगळ्या विश्वातला असल्याने त्याला हा त्रास नाही.) आपल्या संगीतात बालगंधर्व एकच राहिले, पण सवाई गंधर्व आणि छोटा गंधर्व झाले, वारसा मान्य करूनही एक शब्द वेगळा ठेवण्याची ही रीत कॉमिक्सच्या लेखकांनीही उचलण्यासारखी आहे.

तेव्हा निवड करताना नायकाचे नाव एका वाक्यात समजावून सांगून पाहावे. त्या वाक्यात शपथ, अंगठी, ढाल किंवा सिंहासन आले, तर नाव पुढे द्यावे आणि जुन्या नायकाला परतीचे दार ठेवू नये. वाक्यात आई, काका किंवा अपराधाची भावना आली, तर नाव त्याच्याबरोबर थांबवून त्याच्या शिष्याला स्वतःचे नाव घेऊ द्यावे. १९८४ मध्ये रॉबिनचा पोशाख उतरवून नाइटविंग झालेला डिक ग्रेसन त्या नावाने आजही उभा आहे. आणि वारस नेमायचाच असेल, तर तो गादी रिकामी होण्याच्या कितीतरी आधीपासून वाचकाच्या ओळखीचा असावा. रॉबिनच्या जागी आलेल्या जेसन टॉडची पाळेमुळे वाचकांच्या मनात फारशी रुजली नव्हती. १९८८ मध्ये त्याला जगवायचे की मारायचे, हे दूरध्वनीवरून मत देऊन वाचकांनाच ठरवायला सांगितले, तेव्हा ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी तो मारला गेला.