कडकनाथ, दोन पावसाळ्यांनंतर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पावसात कडकनाथ ही काळी कोंबडी जगते का, असं बरेच जण विचारतात. जगते, आणि चांगली जगते. झाबुआच्या कोरड्या टेकड्यांवरचा हा पक्षी आमच्याकडे तग धरेल की नाही, याची मलाही धाकधूक होती. आता दोन पावसाळे निघाले, घरच्या पिल्लांना पिल्लं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नुसता कडकनाथ आणून मात्र भागत नाही. सोबत दोन-तीन चांगल्या गावठी कोंबड्या हव्यातच, आणि माझ्या सगळ्या अनुभवाचं सार तेच आहे.

आधी पक्ष्याविषयी. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागात भिल्ल-भिलाला लोकांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्ण काळा, पिसांवर पांढुरक्या रेघांचा आणि सोनेरी छटेचा असे तीन प्रकार आहेत. माझ्याकडे पहिले दोन आहेत. कातडी, तुरा, जीभ, हाडांवरचं आवरण, आतले अवयव, सगळ्यावर काळी झाक असते. रक्त मात्र लालच, आणि अंडं फिकट बदामी. काळ्या अंड्यांचे फोटो दाखवून कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठावं.

खरेदीला घाई करू नये, हे कळकळीने सांगते. पहिली पिल्लं एका विक्रेत्याकडून मागवली होती. तीन महिन्यांची झाली तेव्हा त्यातल्या काहींचे तळपाय पिवळट आणि तुरे लालभडक निघाले. हा काळेपणा आनुवंशिकतेत वरचढ गुण आहे. तो संकरातही उतरतो, त्यामुळे पिल्लू काळं दिसलं म्हणजे ते शुद्ध असं धरता येत नाही. दुसऱ्या खेपेला तीन-चार महिन्यांच्या तलंगा (तरण्या कोंबड्या) आणि कोंबडे स्वतः जाऊन बघून आणले. चोच उघडून जीभ आणि टाळा पाहिला, पिसं बाजूला करून कातडी पाहिली, पाय उलटा करून तळवा पाहिला. पिल्लापेक्षा पैसे जास्त पडले, पण ते वसूल झाले.

आता मुख्य मुद्दा. कडकनाथ कोंबडी अंड्यावर बसायला फारशी तयार नसते. माझ्याकडच्या एक-दोन खुडूक झाल्या, म्हणजे अंडी उबवायला बसल्या, पण आठवडाभरात अंडी सोडून चरायला गेल्या. म्हणून छोटं उबवणी यंत्र घेतलं. यंत्राला 37.5 अंश सेल्सिअस सतत लागतं, सुरुवातीला साधारण 55 टक्के आर्द्रता आणि शेवटच्या तीन दिवसांत त्याहून बरीच जास्त. वाळपईच्या बाजूला आषाढात वीज कधी जाईल आणि कधी येईल, याचा नेम नाही. इन्व्हर्टर लावूनही जीव टांगणीलाच. सासूबाई दोन-तीन दिवस बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘अगो, ती तांबडी खुडूक झालीय ना? मग यंत्राची काळजी कशाला वाहतेस?’

तांबडी म्हणजे आमची गावठी कोंबडी. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. कडकनाथचं अंडं लहान असल्याने गावठी कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा आरामात मावतात. सातव्या रात्री मोबाईलच्या उजेडात एकेक अंडं धरून पाहिलं. ज्यात जीव होता त्यात बारीक लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या आणि मधोमध हलणारा ठिपका. दोन अंडी अगदी स्वच्छ, ती काढून टाकली. एकविसाव्या दिवशी सकाळी तांबडीच्या पोटाखालून पहिलं काळं डोकं बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत आठ. पाठीवर गडद, वेड्यावाकड्या रेघा असलेली निळसर काळी पिल्लं आणि त्यांची तांबडी आई. तिने एकाही पिल्लाला परकं मानलं नाही.

यंत्रातली पिल्लं आणि तांबडीची पिल्लं यांतला फरक पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत दिसला. यंत्रातल्यांना बल्बखाली पहिला आठवडा 33-35 अंश ऊब द्यावी लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत आणायची. ते सगळं नीट केलं, तरी बाहेर सोडल्यावर ती उघड्यावर बावळटासारखी उभी राहायची. तांबडीची पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिच्यामागे पोफळीच्या पानांखाली. वाळवी कुठे सापडते, कणी कशी टिपायची, सगळं ती दाखवणार. वर घार दिसली की ती घशातून एक लांब आवाज काढते. तो ऐकला की आठही पिल्लं केळीच्या बुंध्यापाशी दडून चिडीचूप. हे शिक्षण मला देता आलं नसतं. आता यंत्र फक्त खुडूक कोंबडी नसते तेव्हा लावते.

जात शुद्ध ठेवायची तर शेजारचा गावठी कोंबडा हीच खरी अडचण, कारण आमच्याकडे कुंपण म्हणजे नावाला. एकदा संग झाला की कोंबडी दोनेक आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस फलित अंडी घालू शकते. म्हणून उबवणीची अंडी हवी असतील तेव्हा आठ माद्या आणि एक कडकनाथ कोंबडा जाळीत वेगळे ठेवते, आणि पहिल्या तीन आठवड्यांची अंडी घरात खायला वापरते. त्यानंतरची अंडी गार जागी, निमुळतं टोक खाली करून, आठवड्याच्या आत बसवायची. तलंगेची अगदी पहिली अंडी उबवू नयेत, ती फार लहान असतात. कोंबडा दरवर्षी बदलते. त्याच घरातला ठेवला की नात्यातला संकर होतो आणि फलित अंड्यांचं प्रमाण घटत जातं. पेडण्यात एक जण हीच जात सांभाळतात, त्यांच्याशी कोंबड्यांची अदलाबदल ठरलेली आहे.

पुढच्या पिढीसाठी पक्षी निवडताना मी आधी पावसाळ्याकडे बघते, काळेपणा नंतर. जून ते सप्टेंबर जो पक्षी खात राहिला, ज्याची विष्ठा घट्ट राहिली, तोच पुढे ठेवायचा. खुराडं चिऱ्याच्या जोत्यावर आहे, वर कौलं, पावसाच्या बाजूला माडाच्या चुडतांचे (झावळ्यांचे) झाप. खाली भाताच्या तुसाची गादी, रोज खालीवर करायची. ओल राहिली की पिल्लांना रक्ती हगवण लागते. पहिल्या पावसात ती लागली होतीच. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाण्यातून अँप्रोलियम दिलं आणि तूस सगळं बदललं, तेव्हा आटोक्यात आली. पाऊस ओसरला की डास वाढतात आणि त्यांच्यामार्फत कोंबड्यांची देवी येते, तुऱ्यावर-डोळ्यांभोवती खपल्या धरतात. तिची लस पावसाच्या आधीच टोचून घ्यावी.

राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाबाबत मात्र कसलीही तडजोड नको. देशी जात काटक असते हे खरं, पण मर आली की ती कडकनाथ आणि ब्रॉयलर असा भेद करत नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा डोळ्यात एक थेंब, महिन्याभराने पुन्हा, आणि आठ आठवड्यांनी आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन. लसीच्या कुपीत 100 किंवा जास्तच डोस असतात आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. आम्ही वाड्यावरच्या पाच-सहा बायका एकच दिवस ठरवतो, बर्फाच्या थर्मासमधून कुपी आणतो आणि घरोघर फिरून सगळ्यांच्या कोंबड्यांना देतो. त्यात गावठीही आल्या. त्यांना वगळलं तर लस देण्यात अर्थ नाही.

राखणीचं थोडक्यात सांगते. दिवसा मुंगूस, रात्री उदमांजर, अंड्यांना धामण. कडकनाथ चांगला उडतो आणि तिन्हीसांजेला फणसावर चढून बसतो, म्हणून अंधार पडण्याआधी मूठभर कणी टाकून सगळ्यांना आत घेते. साधी कोंबडीजाळी उपयोगाची नाही, बारीक चौकोनांची वेल्ड जाळीच लावावी. आणि मिऱ्याच्या वेलांच्या बुंध्याशी कुंपण घालावं. पाचोळा उकरून मुळं उघडी टाकायला यांना सकाळचा एक तास पुरतो.

उत्पन्नाचं बोलायचं तर अपेक्षा बेताची ठेवा. वर्षाला एका कोंबडीची 80 ते 100 अंडी. फक्त अंडीच हवी असतील तर ग्रामप्रिया ही अंड्यांची जात घ्या, ती याच्या दुप्पट देईल. कोंबडा सव्वा-दीड किलोचा व्हायला सहा महिने लागतात. 2019 मध्ये इस्लामपूर भागात कराराने कडकनाथ पाळायला लावून शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचं प्रकरण गाजलं. पक्षी विकत घ्या, आम्ही चढ्या भावाने परत घेऊ, असं तिथलं आमिष होतं. तसं कोणी सांगत आलं तर सरळ नाही म्हणावं. माझी गिऱ्हाइकं ओळखीचीच आहेत, थोडी अंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जातात. श्रावणात आणि गणपतीच्या चवथीपर्यंत कोंबड्याला कोणी विचारत नाही, तेव्हा विक्रीचे पक्षी त्याआधी किंवा नंतर तयार होतील असा हिशेब धरावा लागतो.

मांसाची चव मला गावठीपेक्षा उजवी वाटते, औषधी गुणांबद्दल जे छापून येतं त्यावर मी जात नाही. शागुती करताना कुकरच्या शिट्ट्या जास्त घ्याव्या लागतात, रस्सा थोडा काळसर होतो आणि पहिल्यांदा जेवायला येणाऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं.

सुरुवात करायची असेल तर पाऊस पूर्ण जाऊ द्या, दिवाळीच्या आसपास करा. एक कोंबडा, पाच-सहा तलंगा आणि खुडूक होण्यात नाव कमावलेली एक गावठी कोंबडी. ती शेजारणीकडे मागा, बाजारात मिळायची नाही.