डायसेक स्विच की मल्टिस्विच?

नागपुरात आमच्या गच्चीवर दोन छत्र्या आहेत. एक फ्री डिशसाठी, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवलेली. टीव्ही एकच असेल तर डायसेक स्विच, म्हणजे अनेक छत्र्यांमधून एक निवडणारा डबा, पुरतो: चार एलएनबीपर्यंत (छत्रीपुढचे सिग्नल पकडणारे भाग) जोडा, खाली एकच केबल आणा, रिसीव्हरच्या मेनूत पोर्ट निवडा. पण त्याच केबलवर दुसरा रिसीव्हर लावला की पंचाईत. एकाला उभ्या ध्रुवणासाठी (लहरींच्या कंपनाची दिशा) १३ व्होल्ट हवेत, दुसऱ्याला आडव्यासाठी १८, आणि एका केबलवर एका वेळी एकच व्होल्टेज चालतं. आईची मालिका मध्येच जाते. मल्टिस्विच म्हणजे अनेक रिसीव्हरना एकाच वेळी सिग्नल वाटणारा डबा. त्याला क्वाट्रो (चार वेगळ्या आउटपुटच्या) एलएनबीच्या चार केबल लागतात, खर्चही जास्त, पण प्रत्येक खोली स्वतंत्र. दोन टीव्ही असतील तर मी हाच लावेन, जिन्यातल्या सावलीत. मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन त्याला सोसायचं नाही.