जुनी जीप, आठ महिने आणि मागचा अॅक्सल

देवगडच्या सड्यावर आमची कलमं आहेत. वर जायला जांभ्यातली गाडीवाट, तीही दर पावसाळ्यात उकरली जाते. पेट्या खाली आणायला गेल्या भाद्रपदात जुनी फोर बाय फोर जीप घेतली. इंजिन उत्तम, ब्रेक कामापुरते, हूड गळतो. एवढं सोडलं तर सगळं लिहिणं मागच्या अॅक्सलबद्दलच (चाकं फिरवणारा आडवा दांडा आणि त्यातले गिअर) आहे, कारण त्याने मला छळलं.

घेताना 'मागे डाना ४४ आहे', म्हणजे त्या मॉडेलचा अॅक्सल, असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. खाली सरपटून हाऊसिंगवरची (अॅक्सलच्या बाहेरच्या कवचावरची) माती खरवडली तर ओतीव ४४ आकडा दिसला, कव्हरलाही मोजून दहा बोल्ट. मी खूश. पण आकडा अॅक्सल कोणता ते सांगतो, आत कुठल्या रेशोचा क्राऊन-पिनियन (मोठ्या-छोट्या दातेरी चाकांचा जोड) आहे ते नाही; रेशो म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे. ते सांगणारी पत्र्याची टिकली कव्हरच्या बोल्टाखाली असते. आमच्या खाऱ्या हवेत ती कधीच गळून गेलेली.

त्रास सुरू झाला तो कातळावर. फोर बाय फोर टाकून सरळ पन्नास पावलं गेलं की गाडी ओढल्यासारखी जड व्हायची आणि फोर बाय फोरचा लिव्हर निघायचा नाही. थोडी रिव्हर्स घेतली की खटकन सुटायचा. ओल्या मातीत मात्र काही नाही, तिथे चाकं घसरून ताण सोडवतात. दुसरी खूण माझ्या नाकासमोर होती: स्पीडोमीटर ६६ दाखवायचा तेव्हा मोबाइलवर ६०. काटा म्हातारा झालाय, असं मी धरून चाललो.

आधी टायर बदलून बघितले. फुकट खर्च. शेवटी कणकवलीच्या एका मेस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यां मूळचां न्हय, खंयसून तरी आणून बसयलेलां आसा."

त्यांनी काहीही न खोलता रेशो काढला. बाकीच्या चाकांना ओट (अडसर) लावले, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक जॅकवर. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर (पिनियनला फिरवणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची रेघ. चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं (एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो) आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. मागे भरले पाच आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. पुढे हब लॉक करून (म्हणजे चाक अॅक्सलला जोडून) तेच केलं, तर पाचालाही थोडे कमीच. कव्हर उघडल्यावर मागे ४३ आणि ८ दाते मोजले, म्हणजे ५.३८. पुढे ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणून पुढचं-मागचं दहा टक्के भांडण, आणि ते सोडवायला कातळावर जागाच नाही. स्पीडोमीटरची दोरी ट्रान्सफर केसवरून (दोन्ही शाफ्टना ताकद वाटणाऱ्या पेटीवरून) जाते, त्यामुळे काटाही तेच दहा टक्के सांगत होता. बिचारा.

कव्हर उघडल्यावर आणखी एक दिसलं: तेल ताकासारखं पांढरं. ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं भोक) मातीने बुजलेला होता. तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला नळी लावून ती वर चॅसीपर्यंत नेली, ईपी ९० गिअर तेल भरलं. पावसाळ्याआधी कोकणातल्या कुठल्याही जीपवाल्याने एवढं तरी करावं.

मागे ३९-८ चा वापरलेला जोड बसवला. शिम (पातळ चकत्या) घालून बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई) जुळवायला मेस्त्रींचे दोन दिवस गेले. आता लिव्हर बोटाने सुटतो, हायवेला इंजिन कमी ओरडतं. चढावर हायमध्ये (नेहमीच्या गिअरमध्ये) ओढ थोडी कमी झाली हे खरं, पण भरलेल्या पेट्या असल्या की मी लो (जास्त ओढीचा, हळू गिअर) टाकतोच. पन्नासच्या पुढे मागून बारीक हुंकार येतो. जुन्या दात्यांचा आहे, चालवून घेतोय.

काढलेला ४३-८ चा जोड ग्रीस लावून पडवीत ठेवलाय, दाते चांगले आहेत. पुढेही ५.३८ असेल त्याने विचारावं. पुढचे दाते मोजल्याशिवाय कोणाला देणार नाही.