एसक्यूलाइटचं ट्रिगरवालं अनडू-रीडू वापरून बघितलं, कसं आहे सांगतो

एसक्यूलाइट म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस, ट्रिगर म्हणजे टेबलात बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड, आणि अनडू-रीडू म्हणजे केलेलं मागे घेणं आणि परत आणणं. आधी निकाल देऊन टाकतो म्हणजे घाईत असलेले सुटतील. एका माणसाने एका मशीनवर वापरायचं डेस्कटॉप ॲप असेल तर पाचपैकी चार, आणि दहा जण एकाच वेळी हात घालणार असं वेब ॲप असेल तर याच्या वाटेलाच जाऊ नका.

आमचं ॲप छोट्या ग्रंथालयासाठी आहे, पुस्तकं, लेखक, प्रती, देवघेव, वरती पायथन आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट) आणि खाली एसक्यूलाइटची एकच फाइल. तिथल्या ताईंचं म्हणणं सरळ होतं, वर्डमध्ये कंट्रोल-झेड चालतं मग इथे का चालत नाही? आता डेटाबेसवाले लगेच म्हणणार रोलबॅक (बदल रद्द करणं) आहे की, पण रोलबॅक कमिट होईपर्यंतच, म्हणजे बदल पक्के होईपर्यंतच, आणि ताईंना चूक दिसते ती सेव्ह झाल्यावर. दुसरा रस्ता म्हणजे क्यूटीचा क्यूअनडूस्टॅक, केलेल्या कृतींची यादी ठेवणारी तयार सोय. चांगला आहे, पण प्रत्येक कृतीसाठी वेगळा क्लास, त्यात अनडू वेगळं लिहा, रीडू वेगळं लिहा, नवीन स्क्रीन आली की परत तेच, आणि एक जरी विसरलं तरी स्टॅक आणि डेटाबेस यांचं एकमेकांशी जुळत नाही.

एसक्यूलाइटच्या डॉक्युमेंटेशनमध्येच जी युक्ती दिलीय ती हे सगळं डेटाबेसवर ढकलते. एक टेम्पररी टेबल, अनडूलॉग, त्यात दोनच कॉलम, क्रमांक आणि एसक्यूएलचा (डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेचा) मजकूर. मग प्रत्येक टेबलावर तीन टेम्पररी ट्रिगर, इन्सर्टला, अपडेटला, डिलीटला. ट्रिगरचं काम एवढंच की जे झालं त्याच्या उलटं वाक्य लिहून ठेवायचं. म्हणजे 41 नंबरच्या पुस्तकाचं वर्ष 1978 चं 1987 केलं तर लॉगमध्ये ओळ पडते, अपडेट पुस्तके सेट वर्ष=1978 व्हेअर रोआयडी=41 (खरं तर सगळेच कॉलम जुन्या किमतींसकट येतात, कोट नावाचं फंक्शन त्या किमती अवतरणचिन्हांसकट नीट लिहून देतं). नवीन पुस्तक टाकलं तर डिलीटची ओळ, काढून टाकलं तर आख्खी इन्सर्टची ओळ.

आणि रीडू? रीडूसाठी काहीच लिहायचं नाही! हा भाग मला प्रचंड आवडला. अनडू करताना त्या ओळी शेवटून सुरुवातीकडे चालवायच्या, आणि त्या चालताना तेच ट्रिगर पुन्हा पेटतात आणि उलट्याचं उलटं लिहून ठेवतात, झालं रीडू तयार. ॲपने फक्त कुठून कुठपर्यंतच्या ओळी म्हणजे एक पायरी एवढं लक्षात ठेवायचं.

सोबतचा नमुना कोड टीसीएल नावाच्या स्क्रिप्टिंग भाषेत आहे, त्याला बघून नाक मुरडू नका, एसक्यूलाइट मुळात टीसीएलचं एक्स्टेन्शन म्हणूनच जन्माला आलं. पायथनमध्ये उतरवायला फार काही लागत नाही, कॉलमची नावं प्रॅग्मा टेबल-इन्फोमधून (प्रॅग्मा म्हणजे एसक्यूलाइटच्या खास आज्ञा) घ्यायची आणि ट्रिगरचा मजकूर लूपमध्ये बनवायचा.

खरं डोकं लागतं ते पायरी कुठे तोडायची यात. त्या कोडमध्ये ॲप जरा रिकामं बसलं की बॅरियर (पायरी इथे संपली अशी खूण) लागतो आणि तिथपर्यंतचे सगळे बदल एक पायरी होतात. ठीक आहे, पण आमच्याकडे एक पुस्तक आणि त्याच्या पाच प्रती एकदम दाखल होतात, ताईंच्या दृष्टीने ते एकच काम, म्हणून बॅरियर मी सेव्हच्या बटणाला बांधला. आणि फ्रीझ-अनफ्रीझ (अनडूची नोंद थांबवणं आणि परत सुरू करणं) आहे ते नक्की वापरा, नाहीतर "शेवटचं उघडलेलं पान" असल्या फालतू नोंदी पण अनडूत येतात आणि कंट्रोल-झेड दाबून समोर काहीच हलत नाही.

आता एक मार्क कुठे कापला ते. लेखक डिलीट केला की त्याची पुस्तकं पण जावीत असं कॅस्केड लावलं असेल तर लॉगमध्ये आधी लेखकाची ओळ पडते मग पुस्तकांची, अनडू उलटं चालतं म्हणजे पुस्तकं आधी परत यायला बघतात, लेखकाचा पत्ताच नाही, फॉरेन की (पुस्तकाचा लेखक टेबलात असलाच पाहिजे हा नियम) तिथेच अडवते. उपाय आहे, प्रॅग्मा डिफर-फॉरेन-कीज (हा नियम कमिटच्या वेळी तपासायला लावणारा) चालू करायचा, पण तो कमिट झाला की आपोआप बंद होतो म्हणून प्रत्येक अनडूच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र कमिट होणाऱ्या बदलांच्या गटात) नव्याने लावायचा.

त्याहून वाईट म्हणजे तुमचे स्वतःचे ट्रिगर. समजा देवघेवीत नोंद पडली की शिल्लक प्रती एकने कमी करणारा ट्रिगर आहे, आणि अनडूत ती नोंद पुसली की एकने वाढवणारा पण आहे. लॉग तर आकडा आधीच जुना करून बसलेला असतो, मग पाचाचे सहा होतात. बरं, दरवेळी होईलच असंही नाही, कारण एकाच घटनेवर दोन ट्रिगर असतील तर आधी कोणता चालेल याची एसक्यूलाइट हमीच देत नाही. तेव्हा असले हिशेब ट्रिगरमध्ये ठेवूच नका, व्ह्यूमध्ये (विचारलं की दरवेळी ताजा हिशेब देणारी साठवलेली क्वेरी) मोजा. तसंच इन्सर्ट ऑर रिप्लेस, त्यात जुनी ओळ उडते पण रिकर्सिव्ह ट्रिगरची सेटिंग चालू नसेल (डीफॉल्टला नसतेच) तर डिलीटचा ट्रिगर पेटत नाही आणि जुनी ओळ गेली ती गेलीच.

मोठे फोटो डेटाबेसमध्येच ठेवत असाल तर कोट त्यांना हेक्समध्ये (एका बाइटला दोन अक्षरं) लिहितं, म्हणजे लॉगमध्ये दुप्पट जागा.

वेबला नको का म्हटलं, तर ट्रिगर आणि लॉग दोन्ही टेम्पररी, म्हणजे त्या एका कनेक्शनपुरते, दुसऱ्याने केलेला बदल यांना दिसतच नाही आणि तुमचं अनडू त्याच्या कामावरून खुशाल नांगर फिरवतं. तिथे लोक दुसऱ्या डेटाबेसांमधल्या सोयी, म्हणजे मारियाडीबीचं सिस्टिम-व्हर्जनिंग (10.3 पासून आहे) किंवा एसक्यूएल सर्व्हर 2016 ची टेम्पोरल टेबलं सुचवतात. ती इतिहास छान ठेवतात, मंगळवारी काय होतं ते विचारा, सांगतील. पण माझी शेवटची कृती मागे घे आणि बाजूच्याची राहू दे, हे त्यांना विचारून उपयोग नाही, ते तुम्हालाच लिहावं लागतं.

एसक्यूलाइटचंच सेशन एक्स्टेन्शन पण आहे, ते बदलांचा चेंजसेट (काय काय बदललं त्याचा गठ्ठा) बनवतं आणि तो उलटा करायचं फंक्शन तयार देतं. पण टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) लागते, आणि पायथनच्या सोबत येणाऱ्या मॉड्यूलमधून ते वापरता येत नाही, एपीएसडब्ल्यू नावाचं वेगळं मॉड्यूल घ्यावं लागतं. मी सध्या ट्रिगरवरच आहे, कारण काही बिनसलं तर अनडूलॉग उघडून ओळी सरळ वाचता येतात, चेंजसेट म्हणजे नुसती बायनरी, त्यात काय शोधणार.